परतीची वाट

बोईसरच्या एमआयडीसीत किंवा वसई पूर्वेच्या वालीव-सातिवली पट्ट्यात एखाद्या गाळ्यात एचएमटीची जुनी मिलिंग मशीन हमखास सापडते. बिडाचं ओतकाम अजून खणखणीत, स्लाइड बऱ्या, पण दिवसभर उभं राहून हँडल फिरवणारा माणूस आता मिळत नाही. मग मालक तिचं रेट्रोफिटिंग करून घेतो. लीडस्क्रूच्या जागी बॉलस्क्रू येतात, तिन्ही अक्षांना स्टेपर किंवा सर्व्हो मोटरी बसतात, स्पिंडलच्या मोटरला वेग बदलणारा व्हीएफडी लागतो आणि कडेला एक पॅनेल उभं राहतं. स्पिंडल बंद ठेवून टेबल फिरवलं की सगळं सुरळीत. स्पिंडल सुरू केला की स्क्रीनवर ‘लिमिट ट्रिप’ झळकतं. टेबल मात्र मधोमध, दोन्ही लिमिट स्विचांपासून हातभर लांब. कधी काहीच झळकत नाही, जॉब पुरा होतो, आणि मोजल्यावर खोली तीन शतांशांनी चुकलेली निघते.

ही दुसरी तऱ्हा जास्त वाईट. ५ मिलिमीटर पिचचा स्क्रू आणि एका फेऱ्याला १६०० पल्स असा हिशेब धरला, तर एक पल्स म्हणजे साधारण ३ मायक्रॉन. कंट्रोलरने पाठवलेच नाहीत असे दहा पल्स मोटर फिरवणाऱ्या ड्राइव्हने मोजले की ०.०३ मिलिमीटरची चूक झाली, आणि तिची नोंद कुठेच नाही. बोईसरशेजारच्या चिंचणी भागात दागिन्यांचे साचे कोरायचा जुना धंदा आहे. तिथे तीन शतांश म्हणजे नक्षीची रेघच गेली.

अशा वेळी गाळ्यात दोन वाक्यं ऐकू येतात. ‘नॉईज येतोय’ आणि ‘अर्थिंग बघा’. पहिलं निदान बरोबर असतं. दुसरा उपाय बरेचदा फसतो. तो का फसतो हे कळायला पॅनेलमधल्या एका साध्या वस्तूचा वंश शोधावा लागतो: शिल्डेड ट्विस्टेड पेअर केबल. वरचं करडं पीव्हीसी सोललं की खाली कल्हई केलेल्या तांब्याची जाळी दिसते, तिच्याखाली अ‍ॅल्युमिनियमचा पातळ फॉइल, फॉइलला लगटून एक उघडी ड्रेन वायर, आणि आत एकमेकींना पीळ घातलेल्या दोन रंगीत तारा. यातला एकही थर मशीन शॉपसाठी शोधलेला नाही. जाड प्रवाह वापरणारे आणि बारीक प्रवाह वापरणारे यांची शंभर-दीडशे वर्षं जी भांडणं झाली, त्यांच्या तडजोडी या केबलमध्ये एकावर एक गुंडाळलेल्या आहेत. आणि प्रत्येक भांडणात प्रश्न एकच होता: गेलेला प्रवाह परत कुठल्या वाटेने येतो?

सुरुवात एका काटकसरीपासून झाली. १८३८ मध्ये कार्ल ऑगस्ट स्टाइनहाइल हा म्युनिकचा पदार्थविज्ञानी न्यूर्नबर्ग–फ्यूर्ट रेल्वेचे रूळच तारायंत्राच्या तारा म्हणून वापरता येतील का, ते पाहत होता. रूळ जमिनीपासून नीट अलग राहीनात, प्रवाह मातीत गळत राहिला. त्या अपयशातून त्याला सुचलं की परतीचा प्रवाह मातीतूनच आणावा, दुसरी तार ओढूच नये. तारेचा खर्च निम्म्यावर आला. पुढे तारायंत्रांनी सर्रास एकच तार ओढली आणि दोन्ही टोकं जमिनीत गाडली.

माती कोणाच्या मालकीची नसल्यामुळे ती सगळ्यांचीच परतीची वाट झाली, आणि त्या वाटेवरून काय काय येऊ शकतं हे १८५९ च्या सप्टेंबरात कळलं. सूर्यावरून आलेल्या चुंबकीय वादळाने जमिनीत इतके प्रवाह उठवले, की अमेरिकेत बोस्टन आणि पोर्टलंडच्या तारमास्तरांनी बॅटऱ्या सोडवून ठेवल्या आणि नुसत्या त्या आगंतुक प्रवाहावर एकमेकांशी बोलले. त्याच वादळात मुंबईच्या कुलाबा वेधशाळेतल्या चुंबकमापकाने सुमारे १६०० नॅनोटेस्लांची घसरण नोंदवली. ती नोंद आजही जगभरचे अभ्यासक काढून बघतात.

पुढे या वेधशाळेवरच पाळी आली. ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये ती उभारली, चुंबकीय मोजणी १८४१ पासून चालू झाली. विसावं शतक उजाडताना मुंबईतल्या घोड्यांच्या ट्राम विजेवर चालवायचं ठरू लागलं, तेव्हा वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभॉय अर्देशीर फ्रामजी मूस यांच्यापुढे पेच उभा राहिला. ट्रामचा प्रवाह वरच्या तारेतून जाणार आणि रुळांतून परतणार. रुळांतून तो मातीत गळणार, हवी ती वाट धरून वीजघराकडे जाणार, आणि त्याच्या चुंबकत्वाने वेधशाळेची सुई हलणार. सुईला लोखंडी पेटीत बंद करावं तर जे पृथ्वीचं चुंबकत्व मोजायचं तेच अडणार. उपाय एकच होता: दूर जाणं. सुमारे ३० किलोमीटरवर अलिबाग निवडलं गेलं. तिथली इमारत चुंबकत्व नसलेल्या पोरबंदरी दगडाची बांधली, लोखंड टाळलं. १९०४ पासून तिथे मोजणी सुरू झाली आणि १९०६ पर्यंत कुलाबा आणि अलिबाग अशा दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी ठेवल्या, म्हणजे जुनी साखळी नवीला जुळावी. ७ मे १९०७ ला मुंबईत विजेची ट्राम धावली तेव्हा सुई समुद्रापलीकडे सुखरूप होती.

वीजगोंगाटावरचे पुढचे बहुतेक उपाय खर्चिक आहेत, दूर जाणं हा सर्वांत स्वस्त. पण रेट्रोफिटिंगवाल्याला नेमका तोच करवत नाही. पॅनेलमध्ये एकच प्लास्टिकची डक्ट असते आणि तिच्यात स्पिंडल मोटरची केबल, लिमिट स्विचची केबल आणि मोटर किती फिरली ते मोजणाऱ्या एन्कोडरची केबल अशा तिघी कोंबलेल्या असतात. दिसायला नीटनेटकं दिसतं, झाकण लागतं. मूस यांना तीस किलोमीटर लागले, इथे तीस सेंटिमीटर पुरतात. दोन्ही जातींच्या केबल अगदी ओलांडायच्याच असतील तर काटकोनात ओलांडाव्यात, समांतर धावू देऊ नयेत.

दूर जाण्याची सोय टेलिफोनला नव्हती. त्याला शहरातच राहायचं होतं. मुंबईत १८८२ मध्ये टेलिफोन एक्स्चेंज आलं. त्या पिढीतल्या टेलिफोनने बहुतेक ठिकाणी तारायंत्राचीच चाल उचलली होती: एक तार, परतीला माती. शेजारच्या तारेतलं बोलणं कानात यायचं, तारायंत्राची टकटक यायची, आणि ट्राम आल्यावर तर नुसती घरघर. अलेक्झांडर ग्रॅहम बेलच्या नावावर १८८१ चं एक पेटंट आहे. त्यात उपाय साधा आहे: मातीला रजा द्या, परतीलाही तारच वापरा, आणि दोन्ही तारा एकमेकींभोवती पिळा. पीळ घातल्यामुळे दोन्ही तारा आळीपाळीने त्रास देणाऱ्या तारेच्या जवळ येतात आणि दोघींवर सारखाच परिणाम होतो. ऐकणारं यंत्र दोघींमधला फरक तेवढा बघतं, त्यामुळे सारखा परिणाम आपोआप वजा होतो.

उपाय माहीत असूनही कंपन्यांनी तो लगेच केला नाही, कारण दुप्पट तांबं लागत होतं. ट्रामने आपली परतीची वाट बदलावी म्हणून टेलिफोनवाले कोर्टात गेले. सिनसिनाटी शहरातलं असं एक प्रकरण ओहायोच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचलं आणि १८९१ मध्ये निकाल ट्रामच्या बाजूने लागला. रस्ता मुळात ये-जा करायला आहे, जमिनीवर टेलिफोनचा एकट्याचा हक्क नाही, त्रास होत असेल तर त्यानेच दुसरी तार ओढावी, असा त्याचा मथितार्थ. निकाल टेलिफोनला कडू लागला असेल, पण त्यानेच दोन तारांची जोडी रूढ व्हायला हातभार लावला.

फॉइल आणि जाळी त्याहून जुन्या घराण्यातली. १८३६ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मायकेल फॅरेडेने १२ फूट लांबी-रुंदी-उंचीचा लाकडी सांगाडा करून तो तारा आणि धातूच्या पत्र्याने मढवला, बाहेरून त्याला ठिणग्या उडेपर्यंत विद्युतभारित केलं आणि स्वतः आत जाऊन बसला. आतल्या उपकरणांना बाहेरचं काही कळलं नाही. केबलभोवतीचा फॉइल म्हणजे तोच ठोकळा, लांब ओढून नळी केलेला. त्याची मर्यादाही तीच: विद्युतक्षेत्र तो अडवतो, सावकाश बदलणारं चुंबकक्षेत्र अडवत नाही. चुंबकक्षेत्राचं काम पिळाला करावं लागतं. म्हणून केबलमध्ये दोन्ही असतात.

या सगळ्याचा सर्वांत मोठा नमुना पालघरच्या लोकांच्या डोक्यावरून रोज जातो. पश्चिम रेल्वेची उपनगरी लाइन १९२८ मध्ये बोरिवलीपर्यंत आणि १९३६ मध्ये विरारपर्यंत १५०० व्होल्ट डीसीवर आली. भारतीय रेल्वेने १९५७ मध्ये पुढच्या विद्युतीकरणासाठी २५ हजार व्होल्ट एसी पसंत केली, आणि विरारच्या उत्तरेला वैतरणा, सफाळे, पालघर, बोईसरकडे १९७० च्या दशकात तीच आली. कितीतरी वर्षं विरार-वैतरणा दरम्यान गाड्यांची इंजिनं धावता धावता एका विजेवरून दुसरीवर जात. त्यासाठी दोन्ही जातींवर चालणारी खास इंजिनं बांधावी लागली. विरारच्या दक्षिणेची डीसी पूर्णपणे जायला २०१२ उजाडलं.

डीसी प्रवाह एका पातळीवर असतो, शेजारच्या तारेला फारसा छळत नाही. ५० हर्ट्‌झचा एसी सेकंदाला शंभरदा दिशा बदलतो आणि शेजारून समांतर धावणाऱ्या प्रत्येक तारेत व्होल्टेज उठवतो. रुळांच्या कडेने तर मैलोन्‌मैल तारायंत्राच्या आणि टेलिफोनच्या उघड्या तारा होत्या. प्रवाह वरच्या तारेतून जातो आणि रुळांतून, मातीतून पसरत परततो, म्हणजे जाणारी वाट आणि येणारी वाट यांच्यामध्ये प्रचंड फास तयार होतो. रेल्वेने दोन गोष्टी केल्या. टेलिफोनच्या तारा आवरण असलेल्या केबलमध्ये घालून जमिनीखाली नेल्या. आणि गरज तिथे ठरावीक अंतरावर बूस्टर ट्रान्सफॉर्मर बसवून परतीच्या प्रवाहाला मातीतून ओढून खांबांवरच्या एका वेगळ्या तारेत शिरायला भाग पाडलं. ती परतीची तार वरच्या तारेजवळून जाते, त्यामुळे दोघींचे परिणाम एकमेकांना खातात. बेलचीच जोडी, फक्त शेकडो अँपिअरची. आता पालघर जिल्ह्यातून जाणाऱ्या पश्चिम समर्पित मालवाहू मार्गावर २×२५ हजार व्होल्टची पद्धत आहे. तिथे एका तारेत सुलट आणि दुसरीत उलट व्होल्टेज खेळवून हीच वजाबाकी साधतात. लोकलच्या खिडकीतून खांबांवरच्या जादा तारा मोजायची सवय असलेल्या मंडळींना त्यातली परतीची तार ओळखता यायला हरकत नाही.

बारीक प्रवाहवाल्यांची बाजू तारापूरला दिसते. १९६९ मध्ये तिथलं अणुवीज केंद्र सुरू झालं. अणुभट्टीतल्या न्यूट्रॉनचा माग ठेवणाऱ्या उपकरणांतून येणारे प्रवाह अतिशय क्षीण असतात, काही टप्प्यांत तर नॅनोअँपिअरच्या घरातले, आणि त्याच इमारतीत मोठमोठे पंप चालू-बंद होत असतात. क्षीण संकेत दूरवर न्यायच्या अशाच उपकरणशास्त्रातून १९६० च्या दशकात एक नियम पक्का झाला: शिल्ड एकाच टोकाला जमिनीला जोडा. दोन्ही टोकांना जोडलं तर दोन ठिकाणच्या मातीतला फरक शिल्डमधून प्रवाह वाहवतो आणि तोच आवाज म्हणून आत शिरतो. राल्फ मॉरिसनच्या १९६७ च्या पुस्तकाने हा विचार इंजिनिअरांच्या दोन पिढ्यांना शिकवला. आपल्याकडच्या वायरमनच्या तोंडी तो आजही आहे आणि त्याच्या काळापुरता तो खरा होता.

आता मिलिंग मशीन. संख्यांच्या हुकमावर चालणारं पहिलं मशीन टूल हे मुळात जुनंच मशीन बदलून केलेलं होतं, हे रेट्रोफिटिंग कमी दर्जाचं मानणाऱ्यांनी लक्षात ठेवावं. मिशिगनचा जॉन पार्सन्स हेलिकॉप्टरच्या पात्यांसाठी अचूक वक्र कापायच्या मागे होता. त्याच्या कल्पनेवर अमेरिकेच्या हवाई दलाच्या पैशाने एमआयटीच्या सर्व्होमेकॅनिझम्स प्रयोगशाळेने काम केलं आणि १९५२ च्या सप्टेंबरात सिनसिनाटी कंपनीची उभी हायड्रोटेल मिलिंग मशीन पंच केलेल्या कागदी पट्टीवर चालवून दाखवली. ट्रामचा खटला ज्या शहरातला, मशीनही त्याच शहरातलं. योगायोग आहे, पण मजेशीर. तिच्या कंट्रोलमध्ये शेकडो निर्वात नळ्या आणि रिले होते. म्हणजे बारीक संकेत ओळखणारी नळी आणि ठिणगी उडवणारा रिले एका छताखाली आले, आणि भांडण शहरातून उतरून कपाटात शिरलं.

तिथे दोन नवे तह झाले. एक, ओटो श्मिट नावाच्या अमेरिकन विद्यार्थ्याने १९३४ च्या सुमारास माखलीच्या मज्जातंतूंच्या अभ्यासातून सुचलेलं एक परिपथ बांधलं होतं: संकेत एका पातळीच्या वर गेला तरच ‘चालू’ आणि त्याहून बऱ्याच खालच्या पातळीच्या खाली आला तरच ‘बंद’ मानायचं. मधल्या चुळबुळीकडे लक्षच द्यायचं नाही. लिमिट स्विचच्या जवळजवळ प्रत्येक चांगल्या इनपुट कार्डात आज श्मिट ट्रिगर असतो. दुसरा, ऑप्टोकपलर: एका बाजूला एलईडी, दुसऱ्या बाजूला प्रकाश ओळखणारा ट्रान्झिस्टर, मधे तारच नाही. रिलेच्या कॉइलला समांतर एक डायोड लावायचा रिवाजही याच काळातला. कॉइल सुटताना जो झटका मारते तो तिथल्या तिथे जिरतो. वीस रुपयांच्या आतली वस्तू आहे, तरी कित्येक पॅनेलमध्ये ती नसते.

कपाटातला हा तह १९८० च्या दशकात मोडला. जनरल इलेक्ट्रिकमध्ये बी. जयंत बालिगा या मद्रास आयआयटीच्या अभियंत्याने आयजीबीटी हा जाड प्रवाह झटपट चालू-बंद करणारा ट्रान्झिस्टर विकसित केला आणि त्यावर आजचे व्हीएफडी उभे राहिले. व्हीएफडी तीन फेजची वीज आधी डीसी करतो. ४१५ व्होल्टची साधारण ५८५ व्होल्ट डीसी होते. मग तो ती सेकंदाला हजारो वेळा कापून मोटरला देतो, आणि प्रत्येक काप ०.१ मायक्रोसेकंदाच्या आसपास होतो. गोंगाटाचं मूळ या कापाच्या धारेत आहे. मोटरची केबल आणि लिमिट स्विचची केबल एका डक्टमधून एखाद-दोन मीटर चिकटून गेल्या, तर त्यांच्यात १०० पिकोफॅरडची धारकता सहज होते. एरवी ती नगण्य. पण ०.१ मायक्रोसेकंदात ५८५ व्होल्टची उडी मारली, की तेवढ्याशा धारकतेतूनही क्षणभर अर्ध्या अँपिअरच्या वर प्रवाह उडी मारून पलीकडे जातो. ऑप्टोकपलरचा एलईडी पेटायला १० मिलिअँपिअर पुरतात. टेबल मधोमध असताना लिमिट कशी ट्रिप होते, त्याचा हिशेब हा असा.

आणि इथेच ‘अर्थिंग बघा’ फसतं. मशीन नाचायला लागली की पहिला सल्ला मिळतो तो तिच्यासाठी वेगळा खड्डा मारायचा. तांब्याची प्लेट, कोळसा आणि मिठाचे थर, वर पाणी ओतायला नरसाळं, आणि रेझिस्टन्स एक ओहमच्या आत. शॉक लागू नये म्हणून हे काम उत्तमच आहे, आणि तारापूरच्या खाऱ्या, रसायनांनी भरलेल्या हवेत पट्टीचे जोड गंजतात म्हणून ते दर वर्षी तपासलंही पाहिजे. पण पॅनेलपासून खड्ड्यापर्यंत १५ मीटर तार गेली, तर तिचं इंडक्टन्स १५ मायक्रोहेन्रीच्या आसपास होतं. एक मेगाहर्ट्‌झच्या गोंगाटाला ती तार ९० ओहमच्या वर अडवते. खड्ड्यातला एक ओहम त्यापुढे काय करणार? शिवाय वेगळा खड्डा कारखान्याच्या मुख्य अर्थिंगला जोडलाच नाही, तर बिघाडाच्या किंवा विजेच्या कडकडाटाच्या क्षणी दोन अर्थमध्ये शेकडो व्होल्टचा फरक पडू शकतो, आणि माणूस नेमका दोहोंना हात लावून उभा असतो. वेगळं अर्थिंग हा माझ्या मते या धंद्यातला सर्वांत महाग आणि सर्वांत धोकादायक गैरसमज आहे.

गोंगाटाला मातीत जायचं नसतं. त्याला व्हीएफडीकडे परत जायचं असतं, कारण तो तिथूनच निघालेला असतो. त्याला जवळची, रुंद, धातूची वाट दिली तर तो तिच्यातून जातो. नाही दिली तर एन्कोडरच्या केबलमधून जातो. म्हणून स्पिंडल मोटरच्या केबलची जाळी दोन्ही टोकांना जोडावी लागते: एका टोकाला मोटरच्या बॉडीला, दुसऱ्या टोकाला व्हीएफडीच्या अर्थला. एका टोकाचा जुना नियम लिमिट स्विचच्या, तापमापकाच्या सावकाश संकेतांना अजून चालतो, तिथे शिल्ड पॅनेलच्या बाजूला बांधावी. मोटरच्या केबलला तोच नियम लावला की फॅरेडेचा ठोकळा एका बाजूने उघडा राहतो.

जोडणीची पद्धतही बदलते. वायरमनची सवय अशी की जाळी सोलायची, पिळून शेपटी करायची, लग ठोकायचा आणि बोल्टखाली दाबायची. दहा सेंटिमीटरची ती शेपटी दहा मेगाहर्ट्‌झला सहा ओहमच्या घरात अडथळा करते, आणि चांगल्या केबलचे पैसे तिथेच वाया जातात. जाळी गोलाकार, सगळ्या बाजूंनी धातूच्या क्लँपमध्ये किंवा ईएमसी ग्लँडमध्ये धरली पाहिजे. क्लँप ज्या प्लेटवर बसतो तिथला पावडर कोटिंगचा रंग खरवडून पत्रा उघडा करावा लागतो, नाहीतर ग्लँड घट्ट बसतो आणि वीज काही जोडली जात नाही. नव्या कोऱ्या पॅनेलवर फाइल चालवायला मालकाचं मन होत नाही. त्यावर गॅल्व्हनाइज्ड बॅकप्लेट मागवणं हा तोडगा बरा. ती रंगवलेली नसते.

युरोपने १९८९ मध्ये यासाठी कायदा केला आणि १९९६ पासून तो सक्तीचा झाला: यंत्राने ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त गोंगाट बाहेर सोडायचा नाही आणि ठरावीक मर्यादेपर्यंत सोसायचा. त्यामुळे बाजारातल्या बऱ्याच व्हीएफडींच्या पुस्तिकेत फिल्टर, क्लँप आणि केबलच्या लांबीचं एक प्रकरण असतं. गाळ्यात बदललेल्या मिलिंग मशीनची अशी चाचणी घ्यायला सहसा कुणी येत नाही. ते प्रकरण वाचून पॅनेल बांधणारा वायरमन मिळाला तर डक्ट दोन होतात, लिमिट स्विच ५ ऐवजी २४ व्होल्टवर आणि ‘नॉर्मली क्लोज्ड’ जोडले जातात, आणि स्पिंडल सुरू झाल्यावर स्क्रीनवर काही झळकत नाही.